उचलून कुठे नेतील?

माझ्या मावशीला गिऱ्हाईकं विमाताई म्हणायची. आमचे साहेब तिच्या माघारी ‘यमाची मेहुणी’ म्हणायचे, आणि मी ते ऐकलं की त्यांच्याशी भांडायचे. भांडण हा माझा स्वभावच आहे, त्याला इलाज नाही. पण हे टोपणनाव मला खरोखर लागायचं, कारण मावशीइतकी साधी बाई मी पाहिलेली नाही. केस घट्ट बांधलेले, पर्समध्ये कायम सुईदोरा आणि डोकेदुखीची गोळी, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपण ऑफिसात नाही, कुणाच्या तरी घरी आलो आहोत.

आमचं ऑफिस म्हणजे रस्त्याच्या वळणावरचं एक काचेचं दार. आत तीन टेबलं, भिंतीवर निळ्याशार पाण्याची मोठमोठी चित्रं आणि कोपऱ्यात एक कुंडी, जिच्यातलं झाड प्लास्टिकचं असूनही सुकल्यासारखं दिसायचं. दाराशी मी. माझ्याकडे तिकिटं, हॉटेलं आणि गिऱ्हाइकांची बोलणी. मधे साहेब, ज्यांचं मुख्य काम फोनवर मोठ्याने हसणं. आत खिडकीपाशी मावशी, तिच्याकडे प्रवासाचा विमा. परदेशात कुणाला काही दुखलंखुपलं तर विमा कंपनी दवाखान्याची सोय करणार, त्याचा कागद मावशी काढून द्यायची.

कागद काढणं सोपं होतं. डोकं खाणारं काम विभाग निवडण्याचं. कंपनीने सगळं जग विभागांत कापून ठेवलं होतं. पहिला विभाग स्वस्त, दुसरा त्याहून महाग, तिसऱ्यात उरलेलं सगळं. चार दिवस बेटावर जाऊन येणारा माणूस आधीच खर्चाने घायकुतीला आलेला असतो. तो म्हणतो, टाका हो पहिलाच. मोठ्या देशांच्या बाबतीत ते चालूनही जातं. घोळ होतो तो बेटांचा. एखादं बेट एका देशाचं असतं, झेंडा त्या देशाचा, पोलीस त्या देशाचे, पण ते पडलेलं असतं भलतीकडेच, दुसऱ्या देशाच्या किनाऱ्याला चिकटून. घरजावयासारखं, नाव एका घराचं आणि मुक्काम दुसऱ्या घरी. नकाशावर बोट ठेवलं तर विभाग पहिला, आणि बेटावर उभं राहून समोर बघितलं तर दिसणारा किनारा विभाग दुसरा.

आमच्या गल्लीतला औषधवाला अशाच एका बेटावर गेला होता. मावशीने त्याला विचारलं, कुठे जाताय, त्याने बेटाचं नाव सांगितलं, बेट ज्या देशाचं तो देश पहिल्या विभागात होता, झालं. तिथे याचं पोट दुखायला लागलं. बेटावरचा दवाखाना म्हणजे एक नर्स आणि एक पंखा. त्याला बोटीत घालून समोरच्या किनाऱ्यावर नेलं, आणि तो किनारा दुसऱ्या विभागातला म्हणून कंपनीने हात वर केले आणि त्याला धक्क्यावरूनच माघारी फिरवलं. औषधवाला कसाबसा निभावला. परत आल्यावर तो मावशीच्या समोरच्या खुर्चीत बसला. ओरडला नाही, काही नाही. एवढंच म्हणाला, “विमाताई, मी कुठे जातोय ते तुम्ही विचारलंत. मला उचलून कुठे नेतील ते नाही विचारलंत.”

त्या दिवसापासून मावशीची कामाची तऱ्हाच बदलली. ती गिऱ्हाइकाला समोर बसवायची, बेटाचं नाव विचारायची, हॉटेलचा फोटो बघायची आणि मग डोळे मिटायची. “आता तुम्ही पडलाय,” ती शांतपणे सांगायची. “पाय मुरगळलाय, उठता येत नाही. हॉटेलातली माणसं धावत आली. उचललं तुम्हाला. आता कुठल्या दाराने बाहेर काढतील? रस्ता उताराचा आहे. धक्का दिसतोय. बोटीत घातलं. बोट कुठल्या बाजूला वळली?” गिऱ्हाईक बिचारं सुट्टीला निघालेलं, डोक्यात नुसती वाळू आणि सरबत. ते अवघडून खुर्चीत सरकायचं. बोट वळली की मावशी डोळे उघडायची आणि विभाग सांगायची. मग ती तिथे फोन करून खात्री करून घ्यायची, पण ती कधी चुकलेली मला आठवत नाही.

सुरुवातीला मी या प्रकाराला हसायचे. घरी आईला नक्कल करून दाखवायचे. मग एकदा आमची शिंपीणबाई बेटावरून परत आली, हात गळ्यात बांधलेला. दारातूनच म्हणाली, “विमाताई, तुम्ही म्हणाला होतात ना, बोटीत लाल कुत्रं बसलंय म्हणून? होतं हो! माझ्या उशाशीच बसलं होतं, सगळा वेळ.”

मी मावशीकडे बघितलं. कुत्र्याचं ती बोलली होती हे मलाही आठवत होतं. मावशी फाईल चाळत म्हणाली, “असतात गं कुत्री बोटीत.”

मी अशा गोष्टी मानणाऱ्यातली नाही. माणसं सुट्टीत पडतात, नको ते खातात, पोहता येत नसताना पाण्यात शिरतात. मावशी डोळे मिटून ज्यांना बोटीत घालायची त्यातली बहुतेक धडधाकट परत यायची, रापून, हसत, चॉकलेटं घेऊन. पण लोक ते विसरतात. त्यांच्या लक्षात राहतं ते कुत्रं. हळूहळू ऑफिसात बोलणं पसरलं की विमाताईने डोळे मिटून फार वेळ घेतला तर तिकीट रद्द केलेलं बरं. साहेबांनी तिला सांगितलं, नसती नाटकं बंद करा. ती म्हणाली, बरं. आणि पुढच्या गिऱ्हाइकासमोर तिचे डोळे मिटलेच.

मग एका बँकेतल्या कॅशियरची बायको आली. तो कॅशियर मावशीनेच बोटीत घातलेला, योग्य विभाग दिलेला, सगळं यथासांग. त्याच्या छातीत दुखलं, बोट आली, कंपनीने तक्रारीला जागा ठेवली नाही, आणि किनारा समोर दिसत असताना तो बोटीतच गेला. त्याची बायको ऑफिसात आली तेव्हा दुपार होती. ती बसली नाही. मावशीच्या टेबलावर दोन्ही हात टेकवून म्हणाली, “तुम्ही त्यांना आधीच त्या बोटीत झोपवलं होतंत. जिवंत माणसाला, माझ्यासमोर. ते खुर्चीत बसून हसत होते आणि तुम्ही त्यांना झोपवलंत.”

मी उठले, तिला बाहेर काढायच्या बेतात होते. मावशीने मला हाताने थांबवलं. ती बाई निघून गेल्यावर मावशी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. “खरं असेल का गं?” तिने मला विचारलं.

“काय खरं असेल?” मी खेकसले.

“मी तो किनारा लिहिते, म्हणून माणसं तिथे जातात.”

“मावशी, तू छत्र्या विकत असतीस तर पाऊस तू पाडतेस असं म्हणाली असतीस का?” मी म्हणाले. ती हसली. पण मनातून ती भ्यायली होती, आणि ती भीती नंतर गेली नाही. पुढे ती गिऱ्हाइकांना समोर न बसवता माझ्या टेबलाशी बसवायला लागली. नकाशा बघायची, फोन करून विचारायची, विभाग सांगायची, पण डोळे सताड उघडे ठेवून. चष्म्याआडून पाणी यायचं, पण पापणी मिटायची नाही.

तिचा मुलगा म्हणजे माझा मावसभाऊ, माझा दादा. मावशी त्याला सोन्या म्हणते, आणि तो चाळिशीला टेकला तरी म्हणेल. काका लवकर गेले, मावशीने त्याला एकटीने वाढवला, आणि असा वाढवला की त्याला अजून स्वतःचे मोजे सापडत नाहीत. त्याचं लग्न उशिरा झालं. वहिनी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. बोलायला कमी, पण बघते नीट. मावशीशी तिचं भांडण नव्हतं. मावशी तिला चांगलं वागवायची, ताटात आग्रहाने वाढायची, तिच्या पाठदुखीला तेल आणून द्यायची. फक्त घरात किती माणसं आहेत असं कुणी विचारलं की मावशी अजून म्हणायची, “आम्ही दोघं.” मग जीभ चावायची. वहिनी हसून सोडून द्यायची.

लग्नानंतर कामाच्या धबडग्यात त्यांना कुठे जाता आलं नव्हतं. शेवटी दादाने सुट्टी काढली आणि एका रविवारी जेवताना जाहीर केलं, आम्ही बेटावर चाललोय. मीही जेवायला होते. त्याने मोबाईल पुढे केला. पांढरा धक्का, दगडी पायऱ्या, पायऱ्यांच्या तळाशी हिरवं पाणी. “आई, विमा तूच काढायचा हां. घरचा डॉक्टर असताना बाहेर कशाला जायचं?” तो म्हणाला.

मावशी वाढत होती. तिचा हात वाटीवर तसाच थांबला. तिने डोळे मिटले नव्हते. मी समोरच होते, मला दिसत होतं. डोळे उघडे होते आणि ती दादाच्या मागच्या भिंतीपलीकडे कुठेतरी बघत होती. चमच्यातली आमटी हळूहळू टेबलावर सांडत होती. वहिनीने तिच्या हातातून चमचा काढून घेतला तेव्हा ती भानावर आली.

“काय झालं, आई?” वहिनीने विचारलं.

“काही नाही. ऊन फार आहे तिथे,” मावशी म्हणाली. घराबाहेर तेव्हा अंधार पडत होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या आल्या तिने मला आत बोलावलं. चेहरा ओढलेला. म्हणाली, “माझा एक विमा काढ. माझ्या नावावर. स्वतःचा कागद स्वतः काढता येत नाही म्हणून तुला सांगतेय. दुसरा विभाग. तारखा त्यांच्याच.”

“तू कुठे चाललीस?”

“कुठे नाही.”

“मग विमा कशाला?”

तिने खिडकीचा पडदा ओढला, जणू बाहेरून कुणी ऐकेल. “मला दिसलं काल. मी बघत नव्हते, आपोआप दिसलं. धक्क्यावर कुणीतरी स्ट्रेचरवर आहे. भर दुपार. तोंडावर टॉवेल टाकलाय ऊन लागू नये म्हणून. समोर पलीकडचा किनारा आहे, दुसरा विभाग. बोट येतेय.” ती थांबली. “तो सोन्या आहे गं.”

“तोंडावर टॉवेल आहे तर तुला काय ठाऊक?”

“आईला कळतं.”

मी कपाळावर हात मारून घेतला. “ठीक आहे. मग त्या दोघांना दुसरा विभाग दे आणि मोकळी हो! याच्यासाठीच तर असतो विमा.”

“तेच नाही करायचं,” मावशी म्हणाली. एखाद्या गिऱ्हाइकाला अट समजावून सांगावी तशा आवाजात ती बोलत होती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. “मी ज्याच्या नावावर तो किनारा लिहिते त्याला तिथे जावं लागतं. म्हणून सोन्याच्या कागदावर तो लिहायचा नाही. दोघांचा कागद एकच, त्यावर पहिलाच विभाग. आणि माझ्या कागदावर लिहायचा. म्हणजे बोट माझ्यासाठी येईल. मी तिथे उभी राहीन. त्याला बाजूला करीन आणि मी जाईन.”

“मावशी, तू वेडी झाली आहेस.”

“असेन. कागद काढ.”

मी काढला नसता तर तिने साहेबांकडून काढून घेतला असता. मी काढला आणि लगेच दादाला फोन केला. सगळं सांगितलं, विभाग चुकीचा आहे, बदलून घे, म्हणून कानीकपाळी ओरडले. तो हसायला लागला. “अगं, आख्खा जन्म तिने तेच काम केलंय. तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि मी काय लहान आहे का पडायला?” मावशीला काय दिसलं ते सांगितलं तेव्हा तर त्याला हसू आवरेना. मी फोन आपटला. भिंतीवर डोकं फोडून घ्यावं आणि भिंतीलाच सॉरी म्हणावं, असं आमचं हे घराणं.

ते गेले. पहिल्या दिवशी त्यांचे फोटो आले, दादा टोपी घालून, वहिनी पायऱ्यांवर बसलेली. मावशीने मोबाईल हातात घेऊन दोन बोटांनी फोटो मोठा केला, दादाचा चेहरा भरून राहील एवढा. मग मोबाईल ठेवून दिला आणि खुर्ची खिडकीकडे वळवून बसली.

दुपारी आमच्याकडे कुणी येत नाही. साहेब जेवायला जातात, रस्ता ओस पडतो, काचेच्या दारातून ऊन माझ्या टेबलापर्यंत येतं. मावशी हात मांडीवर ठेवून बसून होती. मी हाक मारली. तिने ओ दिली नाही. डोळे मिटलेले, पण झोपलेल्या माणसासारखी मान पडली नव्हती. कुणाची तरी वाट बघत ताटकळलेल्या बाईसारखी ती ताठ होती. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. ओठ कोरडे पडले होते, कडांना पांढरं काहीतरी साचलं होतं. तिने ते जिभेने चाटलं आणि तोंड वाकडं केलं.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिचा चेहरा रापला होता. एकाच बाजूने, कपाळापासून गळ्यापर्यंत. साहेब म्हणाले, “काय विमाताई, तुम्हीच जाऊन आलात की काय बेटावर?” मी म्हणाले खिडकीतून ऊन येत असेल, आणि उठून पडदा घट्ट लावून घेतला. त्या दुपारीही ती तशीच बसली. साहेब जेवून आले आणि ओरडले, एसी गळतोय. मावशीच्या खुर्चीखाली फरशी ओली होती. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने एसी उघडला, आत बोट फिरवलं आणि म्हणाला, हा तर कोरडा ठणठणीत आहे. मग तो खाली वाकला, ओल्या फरशीला बोट लावून वास घेतला, आणि आपली पिशवी भरायला लागला. मी त्याला काही विचारलं नाही. मला उत्तर नको होतं.

तिसऱ्या दिवशी मी ठरवलं होतं की तिला बसूच द्यायचं नाही. कामं काढली, फोन जोडून दिले, चहा पाजला. पण एक गिऱ्हाईक आलं आणि मी तिकिटांत गुंतले. तो माणूस गेल्यावर मागे वळले, तर मावशी उभी होती. टेबलाच्या अलीकडे, गिऱ्हाइकांच्या रिकाम्या खुर्चीसमोर. डोळे मिटलेले. ती पुढे वाकली. खुर्चीत कुणी झोपलेलं असावं तशी हळूच वाकली, दोन बोटांची चिमूट केली आणि हवेतून काहीतरी वर उचललं. खाली पाहिलं. मला वाटलं ती आता किंचाळणार.

ती हसली. इतकी मोकळी हसली की मला रडू आलं. तिने चिमटीतलं ते जे काही होतं ते परत खाली ठेवलं, वरून हात फिरवून सारखं केलं आणि डोळे उघडले.

“टळलं!” ती म्हणाली. “टळलं गं! सोन्या सुखरूप आहे.”

तिने डबा उघडला. कालपासून तिने काही खाल्लं नव्हतं, आता माझ्या डब्यातलंही खाल्लं. साहेबांच्या त्याच त्या जुन्या विनोदाला ती टाळी देऊन हसली. मलाही सुटल्यासारखं झालं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मीही मानलं होतं सगळं. मला वाटलं, केलं हिने. खरंच परतवलं.

चहाच्या सुमाराला दादाचा फोन आला. मावशीने लाडाने “बोल रे राजा” म्हटलं आणि मग फोन कानापासून दूर धरला. मी तिच्या हातातून फोन घेतला. दादा रडत होता. वहिनी सकाळी पाण्यात उतरताना शेवाळलेल्या पायरीवरून घसरली होती. पाय गुडघ्याखाली मोडला होता आणि पाऊल थंड पडत चाललं होतं. बेटावरची नर्स म्हणाली, रक्त अडलंय, लवकर न्या. पलीकडच्या किनाऱ्यावर मोठं हॉस्पिटल होतं, बेटावरून त्याच्या खिडक्या दिसत होत्या. त्या हॉस्पिटलची बोट होती, पण दुसऱ्या देशात माणूस उतरवायचा तर कागदपत्रं आणि हमी विमा कंपनीने द्यायची असते. दादाने कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी फार गोड बोलली. तो किनारा तुमच्या विभागात येत नाही, म्हणाली. तुमच्या विभागातलं हॉस्पिटल मुख्य भूमीवर आहे, तिथे नेलंत तर आम्ही सगळं बघू. मुख्य भूमीची बोट संध्याकाळी. सकाळपासून वहिनी धक्क्यावर स्ट्रेचरवर पडून होती.

मावशीने कंपनीला फोन लावला. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. तिने विनवण्या केल्या, ओरडली, जुन्या ओळखी काढल्या. विभाग बदलून द्या म्हणाली. समोरचा माणूस तिला ओळखत होता, तोही कळवळला. पण निघण्याआधी बदलता येतो, निघाल्यावर नाही, हे तिनेच आजवर हजार गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. तिच्या स्वतःच्या नावाचा दुसरा विभाग मात्र चालू होता. समुद्रापासून इतक्या दूर, ऑफिसातल्या खुर्चीत बसलेल्या बाईसाठी तो किनारा उघडा होता.

वहिनीला संध्याकाळच्या बोटीने नेलं. जीव वाचला. पाय नाही वाचला, गुडघ्याखालून काढावा लागला. तिथला डॉक्टर दादाला म्हणाला की दुपारपर्यंत आणली असती तर वेगळं झालं असतं. दादाने ते आम्हाला जसंच्या तसं सांगितलं. आईला टोचावं म्हणून नव्हे, त्याला तेवढी अक्कल नाही. त्याला वाटत होतं की आईकडूनही एखाद्या वेळी चूक होतेच.

वहिनी घरी आली त्यानंतर मावशीने ऑफिस सोडलं. ती दिवसभर वहिनीजवळ असायची. तिला उठवणं, बसवणं, केस विंचरणं, पाठीला तेल लावणं. रात्री तिच्याच खोलीत जमिनीवर झोपायची. कुणी विचारलं तर आता म्हणायची, घरात आम्ही तिघं. मी संध्याकाळी जाऊन बसायचे. वहिनी पूर्वीसारखीच कमी बोलायची, पण मावशी खोलीत इकडून तिकडे गेली की तिची नजर मावशीच्या मागे जायची. दुकानात लोकांच्या डोळ्यांत बघते तशी, अगदी स्थिर.

एका संध्याकाळी मावशी तिला सूप भरवत होती. मी पायाशी बसून चादरीच्या घड्या घालत होते. दादा बाहेर गेला होता. वहिनीने अचानक मान बाजूला केली आणि म्हणाली, “आई, एक सांगू? धक्क्यावरचं.”

“नको आता ते,” मावशी म्हणाली. “त्रास होतो तुला.”

“नाही होत. दुपार होती. यांनी माझ्या तोंडावर टॉवेल टाकला होता, उन्हामुळे. हे फोन करायला लांब गेले होते. मला पावलांचा आवाज आला. कुणीतरी जवळ येऊन उभं राहिलं. मला इतकं बरं वाटलं, आई. म्हटलं, आलं कुणीतरी न्यायला.” ती थांबली. “बाई होती. तिने टॉवेल दोन बोटांनी उचलला. माझ्याकडे पाहिलं. आणि तिचा चेहरा एकदम उजळला. म्हणाली, ‘हा माझा सोन्या नाही.’ मग टॉवेल परत टाकला, नीट सारखा केला आणि निघून गेली.”

माझ्या हातातली चादर तशीच राहिली.

“हसली हो ती,” वहिनी म्हणाली. “मला बघून हसली.”

मावशीने वाटी खाली ठेवली. “मीच होते ती.”

“माहीत आहे मला. माझे डोळे चांगले आहेत.”

“अगं, मला वाटलं...” मावशी म्हणाली. तिने वहिनीचा हात धरायला हात पुढे केला. वहिनीने तो धरू दिला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

“तुमच्या मागे बोट उभी होती, आई,” वहिनी म्हणाली. “पलीकडच्या किनाऱ्याची. तुम्ही वळलात तेव्हा मला टॉवेलच्या कडेखालून दिसली. आत कुणीच नव्हतं. तिच्यात जागा होती.”